डबा रिकामा परत न देणाऱ्या मैत्रिणीला मदत कशी करायची?

माई_मानेवाडा
नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण घरात विचारला की "तू कशाला एवढं डोक्याला लावून घेतेस" यापलीकडे उत्तर मिळत नाही, म्हणून इथे टाकते.

माझी एक मैत्रीण आहे. आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. ती मराठी शिकवायची, मी गणित. आता दोघीही निवृत्त. नाव लिहीत नाही. नागपूर म्हणायला मोठं, पण कोण कोणाची मामेसासू निघेल सांगता येत नाही. तिच्या यजमानांच्या किडन्या निकामी झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सकाळी सहाला ऑटो दारात, चार तास मशीनवर, मग सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत पट्टी दाबून बसायचं, घरी यायला दुपार. आल्यावर ते झोपतात आणि ही स्वयंपाकाला लागते. मुलगा बंगलोरला. पैसे पाठवतो, जमेल तसा येतो, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही.

तर त्या तीन दिवशी मी डबा देते. तिनं निदान तेवढं तरी ओट्यापाशी उभं राहू नये. ती घेते. नाही म्हणण्याइतकं परकेपण आमच्यात उरलेलं नाही. पण डबा रिकामा येत नाही. तसा तो आपल्याकडे कोणाच्याच घरून येत नाही. माझ्या सासूबाई घरात काही नसलं तर चिमूटभर साखर टाकून डबा परत द्यायच्या. ही साखरेवर भागवत नाही ना! परवा डब्यात काय, तर गव्हाचा चीक. ज्यांनी कुरडया घातल्या आहेत त्यांना सांगायला नको. तीन दिवस गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, निवळू द्या, मग ढवळत बसा. त्याआधी मुगवड्या. त्याआधी कैरी उकडून, गर काढून, वेलची घालून पन्ह्याची बरणी. हे सगळं ती करते केव्हा? रात्री. ते झोपले की.

म्हणजे मी तिचा एक स्वयंपाक वाचवते आणि तिच्यामागे दुसरा लावते. गणिताच्या बाईला एवढं कळतं की शिल्लक उणे आहे.

गंमत अशी की अनोळखी माणसांच्या बाबतीत मला कधी विचारच करावा लागला नाही. होळी झाली की आमच्या फाटकाशी दोन रांजण लागतात, वरून ओलं पोतं, लांब दांड्याचं ओगराळं, साखळीने बांधलेला गिलास. पार्सलवाली पोरं येतात, भंगारवाले येतात, दुपट्ट्यात तोंड गुंडाळलेल्या कॉलेजच्या पोट्ट्या येतात. पाणी पितात, थोडं तोंडावर मारतात, निघून जातात. परत काही आणून द्यावं असं कोणाच्या मनात येत नाही, माझ्याही येत नाही. (साखळी का बांधली ते विचारू नका.)

मग जिला चाळीस वर्षं ओळखते तिच्याशीच हे इतकं अवघड का होऊन बसलं? तिला ओझं वाटणार नाही असं मी काय करू? ज्यांनी कोणासाठी केलंय त्यांनी लिहा, आणि ज्यांच्यासाठी कोणी केलंय त्यांनी तर नक्की लिहा. "देवावर सोडा" हे उत्तर कृपा करून नको.

तर्रीबाज
माई, काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? प्लास्टिकच्या वापरून फेकायच्या डब्यात द्या न बाप्पा. डबाच नाही तर परत काय येईल?

माई_मानेवाडा
करून पाहिलं रे बाबा. तो फेकायचा डबा घासून, पुसून, उन्हात वाळवून परत आला. आत मुगवड्या होत्या.

तर्रीबाज
हरलो 🙏

सिस्टर_सक्करदरा
माई, डायलिसिस युनिटमध्ये माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. डबा परत कसा येतो ते नंतर बघू, आधी तो जातो कसा ते बघा.

अशा घरी भेटायला येणारे काय आणतात? संत्री. मोसंबी. शहाळं. केळी. आजाऱ्याच्या घरी संत्र्याशिवाय गेला तर तो नागपूरकर कसला! आणि या पेशंटला नेमकं तेच चालत नाही. या सगळ्यात पोटॅशियम भरपूर. आपल्या किडन्या जास्तीचं बाहेर टाकतात, त्यांच्या टाकत नाहीत. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते रक्तात साठत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, अगदी बंदही पडू शकतात. टमाटे, बटाटे, पालक, सुका मेवा यांचंही तसंच. त्यामुळे तुमची भाजी बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात भिजत घाला, ते पाणी फेका, मग नव्या पाण्यात उकडा आणि तेही फेका. पोटॅशियम बरंचसं उतरतं. चव पण उतरते, त्याला इलाज नाही. कोणती भाजी किती, हे त्यांच्या आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं असेल. तो कागद तिच्याकडून मागून घ्या आणि आपल्या फ्रिजवर लावा.

अजून एक. बीपीवाल्यांसाठी म्हणून जे कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. लोक प्रेमाने ते पाकीट घेऊन येतात. किडनीच्या पेशंटच्या घरात ते नकोच.

आणि पाणी! आपल्याकडे दारात आलेल्याला पहिलं काय विचारतात? तुम्ही तर रस्त्यावर रांजण मांडून बसल्या आहात. पण या माणसाला पाणी मोजून मिळतं. लघवी किती होते त्यावरून डॉक्टर ठरवतात, आणि पुष्कळ पेशंटना चहा, ताक, पातळ वरण सगळं धरून दिवसाला लिटरभराच्या आतच भागवावं लागतं. पारा पंचेचाळीसच्या वर, नवतपा (भर उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस) तोंडावर, आणि तांब्याकडे नुसतं बघायचं. जास्त प्यायलं की पायावर सूज येते, पुढे फुप्फुसात पाणी, मग आडवं झोपता येत नाही. म्हणून त्यांच्यासमोर बसून गार पाण्याचा मोठा गिलास रिचवू नका. चूळ भरायला लावा, लिंबाची फोड चोखायला द्या, बर्फाचा एखादा खडा द्या (तोही हिशेबात धरायचा). खोली गार ठेवली तर तहान कमी लागते, कूलरच्या ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) बदलल्या आहेत का तेवढं बघा. जेवणात मीठ कमी असलं तर तहान आपोआप कमी. कुरडया, पापड, लोणचं डब्यात अजिबात नको.

आता तुमची मैत्रीण. तिला डब्यापेक्षा झोपेची गरज जास्त आहे. युनिटबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बायका मी इतकी वर्षं पाहिल्या. बसल्या बसल्या डुलक्या घेतात आणि दार वाजलं की दचकून उभ्या राहतात. तुम्ही एक वार तुमच्याकडे घ्या. "काही लागलं तर सांग" म्हणू नका, कोणी सांगत नसतं. "बुधवारी मी जाते, तू झोप" असं म्हणा. वार सांगा, वेळ सांगा, सहाला ऑटोजवळ उभ्या राहा.

जाणार असाल तर लक्षात ठेवा: ज्या हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर) केलाय तो हात ओढायचा नाही. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, पिशवी नाही. ऑटोतून उतरवताना लोक हटकून तोच हात धरतात. तुम्हाला सर्दी-खोकला असेल त्या दिवशी घरीच राहायचं.

शेवटचं, खर्चाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, दवाखाना योजनेत असला पाहिजे. तिथे आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, नाहीतर १५५३८८ ला फोन लावा. त्यांनी आधीच केलं असेल तर उत्तम. नसेल तर ती फाईल घेऊन तुम्ही लाइनीत उभ्या राहा. तुम्हाला आकडे, कागद सगळं समजतं, ते वाया का घालवता?

जुना_धरमपेठकर
सिस्टरबाईंनी लिहिलेल्या सूचनांबद्दल आभार. मला मात्र मूळ प्रश्नच उलटा वाटतो.

आमच्या घरी मोठं आजारपण होतं तेव्हा लोक फार चांगले वागले. अगदी फार. मी चहा ठेवायला उठलो की "राहू द्या हो, तुम्ही कशाला" म्हणून हातातली भांडी काढून घेत. गोकुळपेठेतून भाजी आणायला निघालो की पिशवी घेत. हेतूबद्दल शंकाच नाही. पण काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की माझ्या घरात मी पाहुणा झालो आहे. ज्याला त्याला फक्त "थँक्यू" म्हणायचं, दुसरं काम नाही. एका गृहस्थांनी मात्र येऊन सांगितलं, "अण्णा, माझ्या सोसायटीचा हिशेब जुळत नाहीये, जरा बघता का?" मी रात्री दीडपर्यंत बसून बघितला. त्या महिन्यातली ती माझी सर्वांत बरी रात्र.

तेव्हा माई, तिचा चीक घ्या, दूध-गूळ घालून खा, आणि छान झाला होता हे फोन करून सांगा. त्या घरात सध्या डॉक्टर देतो, नर्स देते, मुलगा देतो, तुम्ही देता. ती काय देते? तेवढा डबा. तो बंद पाडायचा विचार करू नका. तिच्या अंगाला कमी तोशीस पडेल असं काही तिच्याकडे मागा, एवढंच माझं म्हणणं.

सिस्टर_सक्करदरा
मागा, पण रात्री जागून करावं लागेल असं मागू नका. रात्री दीडपर्यंत जागायला अण्णांना बरं वाटलं असेल, तिला सकाळी सहाला ऑटो गाठायचा असतो.

आरमोरीचा_पोरगा
मी आरमोरीकडला, गडचिरोली जिल्हा. माई, तुमी इचारलं की ज्याच्यासाठी कोनी केलं त्यानं लिहा, म्हनून लिहितो.

बाबाले मेडिकलले, म्हनजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, भरती केलं होतं. नागपुरात ओळखीचं कोनी नाही. आवारातच झोपाचो. संध्याकाळी गाड्या येत, जेवन वाटत. पोट भरे, खोटं काहून बोलू. पन एक गाडी अशी होती का हातात ताट दिल्यावर सोडतच नव्हते, फोटो होईपर्यंत दोघायनंही धरून ठेवाचं. मी आमच्या वावरात चार मजूर लावनारा मानूस. त्या दिवशी फोटोत मान खाली घातली.

चौकात एक चहाची टपरी होती. त्या भाऊनं मोबाईल चार्जिंगले लावू दिला. पैसे देतो म्हटलं तर नाही म्हने. दुसऱ्या दिवशी मी गेलोच नाही, लाज वाटली. तिसऱ्या दिवशी त्यानंच हाक मारली, "ये बे, इकडे ये, गर्दी झाली, जरा गिलास विसळून दे." मी विसळले. मंग बाबाले सुट्टी होईपर्यंत रोज मोबाईल लावला, रोज गिलास विसळले, आन् धानाच्या गोष्टी केल्या. त्याचं गाव ब्रह्मपुरीकडलं, त्यालेही धानाचं समजे. त्यानं मले काम सांगतलं म्हनून मी त्याच्याकडं गेलो. नाहीतर नसतो गेलो.

अण्णा म्हनतात ते बरोबर हाय, एवढंच सांगाचं होतं.

राहाटे_कॉलनी
माझं थोडं वेगळं मत आहे. प्रत्येक ठिकाणी काम सांगितलंच पाहिजे असं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, तेव्हा विजयादशमी होती. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला लाखो लोक येतात, रेल्वेने, एसटीने, ट्रकने, काही जण पायी. आमच्या भागातले सगळे रस्ते त्या दोन-तीन दिवसांत भोजनदानाच्या मंडपांनी भरलेले असतात. मी शाळेत होतो तेव्हापासून पाण्याच्या ड्रमवर उभा राहतोय. कुठून आलात, कोण तुम्ही, कोणी विचारत नाही. पलीकडचा "जय भीम" म्हणतो, आपण "जय भीम" म्हणतो, तो पुढे जातो. त्याला परत काही द्यायचं नसतं आणि त्याची मान खालीही जात नाही. मला वाटतं त्याचं कारण असं की वाढणारा आणि जेवणारा दोघंही एकाच कामाला आलेले असतात. त्याच्या गावी गेलो तर तोही मला असंच वाढेल, हे दोघांनाही माहीत असतं.

आरमोरीच्या भावाने सांगितलेली ती फोटोवाली गाडी आणि हे मंडप, दोन्हीकडे फुकटच जेवण. म्हणून फुकट की परतफेड यावर मला अडायचं नाही. माई, तुमचं आणि तुमच्या मैत्रिणीचं सध्या दोघींचं मिळून असं काय काम आहे? पूर्वी शाळा होती. आता तिच्या घरी आजारपण आणि तुमच्या घरी डबा, असं झालंय. दोघींचं म्हणून काहीतरी शोधा.

इतवारीची_काकी
इथे सगळे फार शहाण्यासारखं लिहून राहिले, मी आपली पैशाची गोष्ट सांगते.

आमची भिशी आहे. बारा जणी, महिन्याला पाच हजार, म्हणजे एकीच्या हातात साठ. सगळ्या एकाच गल्लीतल्या, कोणाची सून कोणाशी बोलत नाही इथपर्यंत एकमेकींचं माहीत. त्यातल्या एकीच्या घरी अचानक ऑपरेशन निघालं. उसने दिले असते तर तिनं घेतले नसते. मग नवीन भिशी लावली आणि पहिल्या चिठ्ठीला तिचंच नाव निघालं. कसं निघालं? बाराच्या बारा चिठ्ठ्यांवर तेच होतं 😄 आमच्यातल्या सर्वांत छोट्या पोराला उचलायला लावली, बाकीच्या मी पदराला गाठ मारून बांधून टाकल्या.

तिनं पुढचे सगळे हप्ते भरले. मग उपकार कोणाचे झाले? कोणाचेच नाही. व्याज नाही, कागद नाही. माईंनी अशी भिशी लावावी. डब्याचं काय, डबे होत राहतील.

जुना_धरमपेठकर
काकी, हेतू कितीही चांगला असो, ही फसवणूक आहे. उद्या त्या बाईंना कळलं तर? डब्याचं ओझं परवडलं, पण सगळ्या मैत्रिणींनी मिळून आपल्याला खेळवलं ही भावना फार वाईट. सरळ म्हणावं, "पहिला नंबर तू घे, बाकीच्यांची हरकत नाही." कित्येक भिशांमध्ये असं उघडपणे होतं.

इतवारीची_काकी
कळलं न भाऊ. तिसऱ्या महिन्यातच कळलं. ज्यानं चिठ्ठी उचलली होती त्या पोट्ट्यानंच सांगितलं, त्याला चॉकलेट कमी पडलं. तिनं मला माझ्याच दारात उभं करून अशा शिव्या दिल्या की समोरचा किराणावाला दुकान सोडून ऐकायला आला. पण हप्ता एक चुकवला नाही आणि भिशी सोडली नाही. उघड विचारलं असतं तर ती "मला शेवटचा नंबर द्या" म्हणाली असती, मी ओळखते तिला. तुमच्या धरमपेठेत विचारून होत असेल.

सिस्टर_सक्करदरा
भिशी पक्क्या ओळखीतच लावा, एवढंच म्हणते. पैसे बुडाले तर दाद मागायला हातात काही नसतं, आणि दवाखान्याचा खर्च असलेल्या घरात ते परवडायचं नाही.

माई_मानेवाडा
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. मध्ये बरंच काही झालं, ते सांगते.

सिस्टर, तुमचं लिहिलेलं छापून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. आहाराचा कागद तिच्याकडे होता, तोही शेजारी लावला. आमच्या ह्यांना आता रोज वाटतं की भाजी त्यांच्यासाठीच बेचव केली आहे. कमी सोडियमच्या मिठाचं मी तिला सांगितलं तर म्हणाली, तीन पाकिटं घरात पडली आहेत, तीन वेगवेगळ्या नातेवाइकांची. कामवालीला द्यावीत तर तिच्या नवऱ्याचंही काहीतरी किडनीचंच आहे. शेवटी फेकली.

बुधवारचं सोपं गेलं नाही. मी म्हटलं, "बुधवारी मी जाते, तू झोप." ती म्हणाली, "मला झोप येत नाही." मी म्हटलं, "मग पडून राहा." तर म्हणाली, "त्यांना माझ्याशिवाय जमत नाही." आणि आतून ते ओरडले, "जमतं, जमतं!" त्यानंतर तिला बोलायला जागा राहिली नाही. तरी ती पहिल्या बुधवारी ऑटोपर्यंत आलीच, आणि फिस्टुलाचा हात कोणता ते मला दोनदा दाखवलं. दाखवू दिलं. सिस्टरकडून शिकून आले आहे म्हटलं असतं तर तिचं तेवढंही काम गेलं असतं.

राहाटे कॉलनीवाले दादा, तुमचा प्रश्न मात्र मला दोन रात्री छळत होता. आमचं दोघींचं म्हणून काय आहे? आमचं फक्त एकच आहे, पोरं शिकवणं. माझा नातू इंग्रजी शाळेत सातवीत गेला. मराठीचं पुस्तक वाचताना अडखळतो, आणि जोडाक्षर आलं की चक्क थांबतो. त्याला मी शिकवू शकत नाही. मला राग येतो आणि तो रडतो. तिच्या हाताखालून अशी किती पोरं गेली. म्हणून आता बुधवारी मी दवाखान्यात असते आणि ती झोपून उठली की दहा वाजता नातू तिच्याकडे जातो. ती म्हणे त्याला स्वतःच्या मनाने पत्रं लिहायला लावते. पहिलं पत्र त्यानं कूलरला लिहिलं. मला वाचू दिलं नाही, दोघांचं गुपित आहे.

डबा चालू आहे. तिचा परतीचा डबाही चालूच आहे. पण अण्णा, तुमच्या सांगण्यावरून मी तिला म्हटलं की तुझ्या अंगणातला कढीपत्ता फार चांगला आहे, आमच्याकडे वाळला. (वाळला हे खरं आहे, मे महिना आहे.) आता बहुतेक वेळा कढीपत्ता येतो. मधूनच काहीतरी रात्रीचं केलेलंही येतं, तेव्हा मी काही बोलत नाही, खाते.

काकी, भिशीचं मी उघड विचारलं. अण्णा जिंकले असं समजू नका, कारण ती जे म्हणाली ते शब्दशः तुम्ही लिहिलं होतं तेच: "मला शेवटचा नंबर द्या." आता आम्ही सात जणी जमलो आहोत आणि चिठ्ठ्या कोणी लिहायच्या यावर चर्चा चालू आहे. अक्षर माझं चांगलं आहे.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. तिचे यजमान. इतकी वर्षं "अहो भाऊजी, चहा घेता का" यापलीकडे मी त्यांच्याशी बोललेच नव्हते. त्या चार तासांत दवाखान्यातले लोक आपल्याला मशीनशेजारी बसायला थोडाच वेळ आत घेतात, बाकी बाहेर. त्या थोड्या वेळात कळलं की माणूस रेल्वेत होता आणि इटारसीपासून बल्लारशापर्यंतची स्टेशनं क्रमाने, लहानसुद्धा, पाठ म्हणतो. त्यांना पाण्याबद्दल बोललेलं आवडत नाही, तर स्टेशनांबद्दल बोला. मी मुद्दाम एखादं चुकवते, मग ते चिडतात आणि वेळ बरा जातो. एकदा म्हणाले, "आमटी पातळ करू नका हो बाई, ती पाण्यात धरतात, मला त्याच्याऐवजी अर्धा कप चहा जास्त मिळेल." तेव्हापासून वरण घट्ट.

एक विचारायचं राहिलं. त्यांच्या खोलीतल्या कूलरचा टिल्लू (पाण्याचा छोटा पंप) जळालाय आणि ताट्यांतला घास पार काळा पडलाय. मानेवाड्याकडे रविवारी येणारा कोणी ओळखीचा आहे का? दोन मेकॅनिक "येतो" म्हणाले आणि आले नाहीत.

तर्रीबाज
माई, माझ्या मोठ्या भावाचं कूलरचंच काम आहे, आम्ही अयोध्या नगरात. रविवारी सकाळी आठच्या आत येतो, नंतर ऊन काही करू देत नाही. वाळा भरू का साधा घास? वाळ्याला पैसे जास्त, पण वास बी येते आन् गारवा बी. भाऊ पूर्ण पैसे घेईल हां, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर त्या काकू त्याच्या डब्यात बी काहीतरी भरून देतील.

माई_मानेवाडा
वाळा भर. पैसे ती देईल, मला मध्ये घेऊ नकोस. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

सिस्टर_सक्करदरा
टाकीही बघून घ्या. आठवड्यातून एकदा पाणी काढून, आतून घासून, कोरडी करायला सांगा, त्यात डेंग्यूचे डास होतात आणि या घराला ते नको. आणि माई, बुधवारी जाताना एक पातळ शाल ठेवा पिशवीत. मशीनवर असताना त्यांना थंडी वाजते, मे महिन्यातसुद्धा. मागितली नाही तरी पायावर टाका, फिस्टुलाचा हात उघडा ठेवून.